जुन्या बाटल्यांच्या काचेची हस्तनिर्मित भांडी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रदर्शनातल्या टेबलापाशी, फोनवर आणि पार्सल घरी पोहोचल्यानंतर आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखे बरेच होते.

ही भांडी नेमकी कशापासून आणि कशी बनतात?

टाकून दिलेल्या बाटल्या आणि बरण्यांच्या काचेपासून. आमच्याकडे दोन प्रकारची भांडी मिळतात आणि पुढची बहुतेक उत्तरे त्यांच्यातल्या फरकावर अवलंबून आहेत. पहिला प्रकार पुण्यातल्या आमच्या छोट्या कार्यशाळेत तयार होतो. स्वच्छ केलेली अख्खी बाटली विजेच्या भट्टीत साच्यावर आडवी ठेवली जाते. साधारण साडेसातशे ते आठशे अंश सेल्सिअसच्या दरम्यान ती मऊ पडते, स्वतःच्याच वजनाने हळूहळू खाली बसते आणि तिची लांबट बशी तयार होते. कापलेल्या बाटल्यांचे, कडा घासून गुळगुळीत केलेले पेलेही याच कार्यशाळेतले. या प्रकारात काच मऊ होते, पण वितळून पातळ होत नाही, त्यामुळे बाटलीची मान, खांदा, कधी कधी बुडावरची ठशाची अक्षरेही बशीत ओळखू येतात.

दुसरा प्रकार फुंकलेल्या काचेचा. त्यासाठी बाटल्यांचा चुरा भट्टीत पूर्ण वितळवावा लागतो. कारागीर चुलीच्या फुंकणीसारख्या, पण तिच्याहून बऱ्याच लांब लोखंडी नळीच्या टोकावर पाकासारखा गोळा उचलतो आणि फुंकर घालून त्याला आकार देतो. ही भांडी आम्ही फिरोजाबादच्या कारागिरांकडून करवून घेतो. आमच्याकडे काच वितळवण्याची भट्टी नाही आणि आहे असा आव आम्ही आणत नाही.

बाटली धुऊन पुन्हा वापरणे आणि तिची भांडी करणे, यांत पर्यावरणासाठी अधिक चांगले काय?

धुऊन पुन्हा भरणे. आमच्या धंद्याला हे उत्तर सोयीचे नाही, पण खरे तेच आहे. आपल्याकडे बिअरच्या, सोड्याच्या आणि एके काळी दुधाच्या बाटल्या परत जाऊन पुन्हा भरल्या जात, काही अजूनही जातात, आणि त्या फेऱ्यात काचेला भट्टीचे तोंड पाहावे लागत नाही. म्हणून पुन्हा भरणाऱ्याकडे जाऊ शकणारी बाटली आम्ही भंगारवाल्याकडून मुद्दाम विकत घेत नाही. आमच्याकडे येतात त्या वाइनच्या, सरबतांच्या, सॉसच्या आणि परदेशी तेलांच्या बाटल्या, ज्यांना परतीची वाट नसते, किंवा ज्यांच्या तोंडाला कपची गेल्यामुळे बूच बसत नाही.

वितळवण्याच्या बाबतीत मात्र जुन्या काचेचा फायदा स्पष्ट आहे. नवी काच वाळू, सोडा आणि चुनखडी यांच्या मिश्रणापासून होते. सोडा आणि चुनखडी तापल्यावर कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणजे इंधनाच्या धुराखेरीज खुद्द कच्च्या मालातूनही वायू बाहेर पडतो. तयार काचेतून तो आधीच निघून गेलेला असतो. याच कारणाने एक टन जुनी काच साधारण १.२ टन कच्च्या मालाची जागा घेते, आणि मिश्रणातला जुन्या काचेचा वाटा दर दहा टक्क्यांनी वाढवला की भट्टीची ऊर्जा सुमारे अडीच ते तीन टक्क्यांनी कमी लागते. काच कितीही वेळा वितळवली तरी तिचा कस कमी होत नाही. प्लास्टिकचे किंवा कागदाचे तसे नाही.

एवढे सांगून हेही सांगायला हवे की आमच्या विजेच्या भट्टीत एका वेळी मोजक्याच बाटल्या मावतात, त्यामुळे दर बशीमागे लागणारी वीज मोठ्या कारखान्यातल्या काचेच्या हिशेबात कमी नाही. ही बशी पृथ्वी वाचवण्यासाठी घ्या असे आम्ही म्हणत नाही. ती आवडली, रोज वापरावीशी वाटली, तर घ्या.

या काचेत शिसे किंवा अन्य घातक द्रव्य असते का?

बाटल्यांची काच सोडा-चुन्याची असते. तिच्यात सुमारे ७० ते ७४ टक्के वाळूचे सिलिका असते आणि उरलेला भाग मुख्यतः सोडा व चुना यांचा. शिसे मुद्दाम घातले जाते ते किणकिणणाऱ्या, जड क्रिस्टल काचेत. आमची बाटली आधी खाद्यपदार्थ किंवा पेय ठेवण्यासाठीच बनलेली असते, आणि हाच आमचा पहिला नियम आहे: खाण्यापिण्याची वस्तू ज्यात नव्हती, ती काच भांड्यासाठी घ्यायची नाही. म्हणून जुन्या टीव्हीच्या नळ्यांची काच, जिच्यात शिसे असते, ट्यूबलाइट, आरसे, गाडीच्या काचा आणि औषधांच्या किंवा रसायनांच्या बाटल्या आम्ही घेत नाही. बाहेरून रंगीत छपाई केलेल्या बाटल्याही बाजूला ठेवतो, कारण छपाईच्या भाजलेल्या रंगांत शिसे आणि कॅडमियम असू शकते आणि नुसते पाहून ते ओळखता येत नाही.

आंबट पदार्थ चालतात का?

निःशंकपणे चालतात. ताक, सोलकढी, चिंचेचे सार, लिंबाचे लोणचे यांपैकी कशानेही काच कळकत नाही आणि पदार्थाची चव बदलत नाही. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात जो धोका असतो तो येथे नाही. हळदीचा डागही बसत नाही.

गरम आमटी, चहा किंवा कढी ओतली तर भांडे तडकेल का?

तडकू शकते, आणि या प्रश्नाचे उत्तर कृपया पूर्ण वाचावे.

साधी काच तापली की फुगते आणि निवली की आकसते. उकळता पदार्थ थंड भांड्यात पडला की आतला पृष्ठभाग क्षणात फुगू लागतो, बाहेरचा मात्र थंडच असतो, आणि या ओढाताणीत काच तडकते. स्वयंपाकघरातली बोरोसिलिकेट काच साध्या काचेच्या जेमतेम एक-तृतीयांश फुगते, म्हणून ती चुलीजवळ टिकते. बाटलीच्या काचेचा तो गुण नाही आणि कोणत्याही कारागिरीने तो आणता येत नाही. अनेकांना वाटते की जाड काच अधिक सोसते. इथे उलट आहे. जाड काचेत आतली उष्णता बाहेरच्या बाजूला पोहोचायला वेळ लागतो, म्हणून जाडसर भांडे पातळ भांड्यापेक्षा लवकर तडकते.

व्यवहारात एवढे पाळावे. चहा फुंकलेल्या काचेच्या पेल्यात प्यायचा असेल तर पेला आधी कोमट पाण्याने विसळून घ्यावा आणि चहाही गाळल्यावर दोन मिनिटे थांबून ओतावा. आमटी, कढी, रस्सा वाढायचा असेल तर तो तोंडाला सोसेल इतका निवलेला असावा. फ्रिजमधून काढलेल्या भांड्यात गरम आणि गरम भांड्यात बर्फ, दोन्ही टाळावे. ओव्हन, मायक्रोवेव्ह आणि गॅसची शेगडी यांच्यापासून ही भांडी दूर ठेवावीत. पाहुण्यांनी घर भरलेले असताना हे सगळे आठवणार नाही असे वाटत असेल, तर या भांड्यांत थंड पदार्थच वाढावेत, ते अधिक शहाणपणाचे.

कोणी हात न लावता काचेचे भांडे तडकते असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

खरे आहे, आणि ते आमच्याच घरी घडले आहे. अगदी सुरुवातीला आम्ही दोन वेगवेगळ्या हिरव्या बाटल्यांचे तुकडे जोडून एक रुंद तबक केले होते. भट्टीतून ते अप्रतिम निघाले, पाहुण्यांना दाखवून झाले, आणि मग एका रात्री सगळे झोपले असताना कपाटातून टण् असा एकच आवाज आला. दार उघडून पाहिले तर तडा बरोबर दोन हिरव्यांच्या सांध्याला धरून, नदीसारखा वळत, या काठापासून त्या काठापर्यंत गेला होता.

कारण असे की प्रत्येक कारखान्याच्या काचेचे मिश्रण थोडे वेगळे असते. दोन काचा डोळ्यांना सारख्या दिसल्या तरी निवताना त्या कमीजास्त आकसतात, आणि तो ताण सांध्यात दडून राहतो. त्या दिवसापासून एक बाटली, एक बशी असा आमचा नियम आहे. दोन बाटल्यांची काच आम्ही एकत्र करत नाही. फिरोजाबादच्या भट्टीत सगळा चुरा वितळून एकजीव होतो, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही. पण तिथेही तपकिरी आणि हिरवी काच वेगळी ठेवतात, कारण दोन्हींतल्या गंधकाचे रूप निराळे असते आणि ती एकत्र वितळली की फेस धरते.

तडकण्याचे दुसरे कारण म्हणजे घाईने निववलेली काच. आकार आल्यावर बशी साडेपाचशे अंशांच्या आसपास बराच वेळ रोखून धरावी लागते, म्हणजे आतला ताण सुटतो, आणि तिथून पुढे तिला अगदी हळू निवू द्यावे लागते. आमच्या भट्टीची एक फेरी, तापवण्यापासून दार उघडेपर्यंत, जवळजवळ अठरा तासांची असते. भट्टी कोमट असतानाच दार उघडून पाहण्याचा मोह नव्या माणसाला आवरत नाही. आम्हालाही आवरला नव्हता.

भांड्यात बुडबुडे, रेघा आणि बुडाशी खडबडीत ठसा आहे. हा दोष नव्हे का?

बारीक बुडबुडे आणि पाण्याच्या लहरीसारख्या रेघा या हाताच्या कामाच्या खुणा आहेत. मोठे कारखाने काच बराच काळ वितळत ठेवून बुडबुडे वर येऊ देतात. छोट्या भट्टीत तेवढा वेळ नसतो. फुंकलेल्या पेल्याच्या बुडाचा गोल व्रण हा, कड घडवताना पेला धरण्यासाठी बुडाशी चिकटवलेली लोखंडी सळई तोडल्याची जागा आहे. तो घासलेला असतो, तरी बोटाला लागतो.

मात्र सगळेच हस्तकलेच्या नावावर खपवू नये. पृष्ठभागावर फुटलेला, बोटाला टोचणारा बुडबुडा हा दोष आहे. ओठ लागतो त्या कडेला धार असणे हा दोष आहे. टेबलावर ठेवल्यावर बशी डुगडुगत असेल तर तोही दोषच, कितीही सुंदर दिसली तरी. अशी वस्तू आम्ही बदलून देतो. काही बश्यांवर दुधावरच्या सायीसारखी पुसट पांढरी झाक असते. भट्टीत काचेच्या पृष्ठभागावर बारीक स्फटिक धरल्याने ती येते. तिने काच कमकुवत होत नाही, पण ज्यांना ती रुचत नाही त्यांनी मागणी देताना तसे कळवावे.

रंग कुठून येतात? हवा तो रंग मिळेल का?

आम्ही रंग घालत नाही, बाटलीचा जो असेल तोच भांड्याचा. वाळूतल्या लोहामुळे काचेला मुळातच फिकट हिरवी छटा असते आणि फुंकलेल्या पेल्यांत ती समुद्राच्या उथळ पाण्यासारखी दिसते. गडद हिरवा वाइनच्या बाटल्यांचा, क्रोमियममुळे. तपकिरी रंग लोह आणि गंधक यांच्या संयोगाने येतो आणि आतल्या पेयाला प्रकाशापासून वाचवतो. निळा कोबाल्टचा. निळ्या बाटल्या फार थोड्या हाती येतात, त्यामुळे सहा निळ्या बश्यांचा संच हवा असेल तर कधी कधी महिनोन्महिने थांबावे लागते. लाल बश्यांची चौकशी बरेच जण करतात. लाल बाटल्या जवळपास नसतातच.

मराठी जेवणाच्या ताटाशी ही भांडी जुळतात का?

आमच्या मते लांबट बशी तर आपल्या जेवणासाठीच बनली असावी. पाऊण लिटरच्या बाटलीची बशी सुमारे तीस सेंटीमीटर लांब आणि अकरा-बारा सेंटीमीटर रुंद होते. ताटाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे ज्या क्रमाने वाढतात, त्याच क्रमाने हे सगळे तिच्यावर ओळीने बसते. बाटलीच्या मानेकडे बशी निमुळती होते, तिथे लिंबाची फोड ठेवावी. केळीच्या पानाशेजारी गडद हिरवी बशी मात्र हरवून जाते, तिथे पांढरी किंवा तपकिरी शोभते.

सोलकढीचा गुलाबी रंग फिकट हिरव्या पेल्यात जितका खुलतो तितका स्टीलच्या वाटीत कधीच खुलत नाही. पन्हे आणि कोकम सरबतही तसेच. आमरस मात्र तपकिरी काचेत वाढू नये, तो शिळा वाटतो. स्टीलची ताटे आणि काचेचे पेले एकाच पंगतीत ठेवायला कोणी बिचकू नये, सगळे एकाच जातीचे असले तरच टेबल सुंदर दिसते असे नाही.

दारूच्या बाटलीची काच उपासाला, नैवेद्याला किंवा वाणात द्यायला चालेल का?

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात, पण विचारतात खूप जण. काच शोषून घेत नाही. बाटलीत जे होते त्याचा अंशही धुतल्यावर उरत नाही, आणि त्यानंतर ती सातशे-आठशे अंशांतून गेलेली असते. स्वच्छतेच्या बाजूने शंकेला जागा नाही. श्रद्धेच्या बाजूने निर्णय ज्याचा त्याने करावा, आम्ही त्यात वाद घालत नाही. ज्यांना नको असेल त्यांच्यासाठी सरबताच्या, सॉसच्या आणि मधाच्या बाटल्यांची भांडी वेगळी ठेवलेली असतात. संक्रांतीच्या वाणासाठी छोट्या वाट्या हव्या असतील तर दिवाळीपूर्वी कळवावे, त्यानंतर एवढ्या वस्तू हाताने पुऱ्या होत नाहीत.

फिरोजाबादच का? तिथे बांगड्या होतात ना?

बांगड्याच होतात, आणि आपल्याकडच्या हिरव्या चुड्याच्या बांगड्यांपैकी कितीतरी तिथूनच येतात. काच वितळवून हाताने वळवणारे इतके हात देशात दुसऱ्या कोणत्याही गावात एकत्र सापडत नाहीत. आग्र्यापासून जवळ असलेले हे शहर ताजमहालाभोवती आखलेल्या सुमारे १०,४०० चौरस किलोमीटरच्या संरक्षित पट्ट्यात येते. सर्वोच्च न्यायालयाच्या ३० डिसेंबर १९९६च्या निकालानंतर या पट्ट्यातल्या कारखान्यांना कोळसा सोडून नैसर्गिक वायूकडे वळावे लागले. तिथल्या भट्ट्यांत फुटक्या बांगड्यांचा आणि बाटल्यांचा चुरा पूर्वापार पुन्हा वितळत आला आहे. मराठीत बांगडी फुटली असे म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. तिथल्या अंगणात फुटक्या बांगड्यांचे ढीग भट्टीकडे जाताना पाहून तो शब्द आम्हाला अगदी सरळ अर्थाने पटला.

याच शहराच्या काच उद्योगावर बालकामगारांचा डागही आहे. म्हणून न पाहिलेल्या ठिकाणी आम्ही काम देत नाही, आणि ज्या भट्टीवर देतो तिथे स्वतः जाऊन येतो.

ही कल्पना परदेशी फॅशन आहे का?

परदेशातही आहे, पण ती आजची नाही. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर सेर्चे लिमानी येथे इ.स. १०२५च्या सुमारास बुडालेले एक जहाज समुद्रतळाशी सापडले. त्यात सुमारे तीन टन काचेचा माल पुन्हा वितळवण्यासाठी चालला होता, त्यात फुटक्या भांड्यांचा ढीगही होता. तो आज बोद्रुमच्या संग्रहालयात आहे. मेक्सिकोत ग्वादलाहारा शहराजवळ निळ्या काठाचे जाड पेले जुन्या काचेपासून फुंकतात. मोरोक्कोचे चहाचे हिरवट पेलेही जुन्या काचेचेच.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला, आणि कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील आजीच्या पिढीला ठाऊक होता. त्या कंदिलाची काच पुसण्याचे काम घरातल्या मुलांकडे असे. काच जपून हाताळायची शिस्त या घरांना नवी नाही.

बाटली भंगारात काही रुपयांना जाते, मग बशीची किंमत एवढी का?

लेबलाचा डिंक काढण्यासाठी बाटली रात्रभर धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात भिजते, सकाळी हाताने घासली जाते आणि पूर्ण वाळते. तिच्यावर बोटाचा एक ठसा राहिला तरी तो भट्टीत कायमचा उमटतो. त्यानंतर अठरा तासांची भट्टी, साच्याला दर काही फेऱ्यांनी पांढऱ्या मातीचा लेप, कडा घासणे, आणि फुटलेल्या मालाचा भार. काच हा या हिशेबातला सगळ्यात स्वस्त भाग आहे.

भांडी कशी धुवावीत?

कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ स्पंज. तारेची घासणी आणि राख वापरू नये. डिशवॉशरमध्ये एखाद-दुसऱ्या वेळी काही बिघडत नाही, पण त्यातली तीव्र पावडर आणि उष्णता कालांतराने काच खाते आणि ती कायमची धुरकट होते. बोअरवेलच्या जड पाण्यानेही पेले पांढुरके दिसतात, पण तो निव्वळ क्षार असतो. दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी डागावर व्हिनेगरचा किंवा लिंबाच्या रसाचा थेंब पाच मिनिटे ठेवावा. तेवढी जागा चकचकीत झाली तर क्षार आहे, सगळा पेला तसाच धुवावा. काही फरक पडला नाही तर काचच झिजली आहे आणि त्यावर घरगुती उपाय नाही.

कडेची कपची उडाली तर दुरुस्ती होते का?

बारीक असेल तर पाण्याखाली धरून हिऱ्याच्या बारीक घासणीने आम्ही ती सपाट करून देतो, कड थोडी खाली जाते एवढेच. आरपार तडा गेलेले भांडे चिकटवून अन्नासाठी वापरू नये.

पूर्ण फुटलेल्या भांड्याचे काय करावे?

ही काच टफन्ड, म्हणजे मुद्दाम कडक केलेली, नसते, त्यामुळे तिचे दाणे होत नाहीत, धारदार तुकडे होतात. ते हाताने वेचू नयेत. मोठे तुकडे जाड कागदाने उचलावेत आणि बारीक कण ओल्या कापसाने किंवा पावाच्या तुकड्याने टिपावेत. सगळे वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळून खोक्यात घालावे आणि वर ठळक अक्षरांत ‘फुटकी काच’ असे लिहून कचरा नेणाऱ्या ताईंच्या हातात वेगळे द्यावे, पिशवीत मिसळू नये. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांनी १९९३ साली संघटना उभी केली तिचे नावच कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत असे आहे. या कामात काचेने कापलेली बोटे नवलाची नसतात. आमच्या फुंकलेल्या भांड्यांचे तुकडे आपण कार्यशाळेत आणून दिलेत तर ते रंगानुसार वेगळे करून पुढच्या खेपेला फिरोजाबादला जातात. बश्यांचे तुकडेही घेतो, पण त्यांची पुन्हा बशी होत नाही.